डिझेल गाडीचं इंजिन ऑइल घरी बदलायचं तर: कुठलं, किती आणि कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड लिटरची कॉमन रेल डिझेल गाडी आहे, डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असलेली, आणि वापर मुख्यतः शहरात. इंजिन ऑइल आणि फिल्टर घरीच बदलायचा आहे. मागच्या वेळी ऑइल बदलल्यावर दोनच दिवसांत ते काळंकुट्ट झालं, म्हणजे जुनं नीट निघालं नव्हतं का? आणि अलीकडे डिपस्टिकवर पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसते, ती कशी?

बोल्ट खोलणं-आवळणं हा या कामाचा सोपा भाग आहे. डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी साठते आणि वरून डिझेलही मिसळतं. या दोन गोष्टी नीट कळल्या की कुठलं ऑइल घ्यायचं, किती भरायचं आणि कधी बदलायचं हे वेगळं पाठ करावं लागत नाही. म्हणून मागचे दोन प्रश्न आधी घेतो.

काळं ऑइल आणि वाढलेली पातळी

डिझेल जळताना काजळी होतेच. ईजीआरमधून जळका वायू पुन्हा सिलिंडरमध्ये येतो, त्याने ती आणखी वाढते. तिचा काही भाग पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये येतो. चांगल्या ऑइलमधली रसायनं ही काजळी अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत ठेवतात, तिचे गोळे होऊ देत नाहीत. शिवाय कितीही वेळ ऑइल गाळलं तरी कूलर, वरचे मार्ग आणि टर्बोच्या नळ्या यांत थोडं जुनं ऑइल राहतंच. तेवढं नव्या ऑइलचा रंग घालवायला पुरतं. म्हणून डिझेलमध्ये ऑइल पहिल्याच दिवशी काळं दिसलं तर काळजीचं कारण नाही, आणि रंग पाहून ऑइल संपलं की नाही हेही ठरत नाही. त्या भीतीपोटी फ्लशिंग ऑइल वापरू नका. वर्षानुवर्षांचा चिकट थर ते एकदम सोडवतं, तो जाऊन ऑइल ओढणाऱ्या जाळीत अडकतो आणि ठीक चाललेल्या इंजिनाचं प्रेशर पडतं.

पातळी वाढण्याचा मामला गंभीर आहे. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्टचं तापमान ६०० अंशांच्या आसपास न्यावं लागतं. त्यासाठी बहुतेक गाड्यांत पिस्टन खाली जात असताना उशिरा थोडं जास्तीचं डिझेल फवारलं जातं. ते सिलिंडरमध्ये न जळता पुढे कॅटॅलिस्टवर जाऊन जळावं अशी योजना असते. पण त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीला लागतं आणि रिंगांमधून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, उतरतं. पेट्रोल असतं तर गरम ऑइलमधून बरंचसं उडून गेलं असतं. डिझेल साधारण १८० ते ३६० अंशांदरम्यान उकळतं आणि ऑइल असतं ९० ते ११० अंशांवर, त्यामुळे आत गेलेलं डिझेल फारसं बाहेर पडत नाही. काही गाड्यांत हे डिझेल एक्झॉस्टमध्येच वेगळ्या इंजेक्टरने सोडतात; त्यांना हा त्रास होत नाही.

शहरी वापरात हे जास्त का होतं? ही साफसफाई पूर्ण व्हायला सलग १० ते २० मिनिटं चालणं लागतं. मध्येच गाडी बंद केली की ती अर्धवट राहते, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि दर वेळी थोडं डिझेल खाली उतरतं. आयडलचे आरपीएम नेहमीपेक्षा वाढलेले, स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा जोरात फिरतोय, तापलेल्या धातूचा वास येतोय, ही ती चालू असल्याची लक्षणं. अशा वेळी जमत असेल तर गाडी बंद न करता आणखी पंधरा मिनिटं एका लयीत चालवा. याहून स्वस्त देखभाल दुसरी नाही.

डिझेल मिसळलेलं ऑइल पातळ होतं, बेअरिंगांमधला त्याचा थर टिकत नाही. पातळी कमाल खुणेच्या बरीच वर गेली तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाळलेल्या ऑइलचं प्रेशर धड मिळत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे ब्रीदरच्या (चेंबरमधला वायू बाहेर नेणाऱ्या) नळीतून ऑइल इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या वाटेत, ओढलं जातं. डिझेल इंजिनाला जळायला स्पार्क लागत नाही, त्यामुळे ते या ऑइलवरच पळू लागतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. मॅन्युअल गाडीत अशा वेळी ब्रेक पूर्ण दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच झटकन सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचं. इनटेकच्या तोंडावर हात मात्र कधीही ठेवू नका. माझदाच्या डिझेल इंजिनांच्या डिपस्टिकवर कमाल खुणेच्या वर एक्स अशी वेगळी खूण असते, ती याचसाठी. तिथपर्यंत पातळी आली की ऑइल बदलायचंच. तुमच्या गाडीत अशी खूण नसली तरी नियम तोच: पातळी कमाल खुणेच्या वर चढलेली दिसली की किलोमीटर कितीही झाले असोत, ऑइल बदला. वरचं थोडं काढून टाकून भागत नाही, कारण उरलेल्यातही डिझेल तितक्याच प्रमाणात असतं.

कुठलं ऑइल

घट्टपणाचा आकडा, म्हणजे ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-३०, सगळे पाहतात. डीपीएफवाल्या गाडीत त्याहून महत्त्वाचं आहे ऑइलमधल्या राखेचं प्रमाण. डीपीएफमधली काजळी जळून जाते. राख जळत नाही. ती कायमची आत साठते आणि शेवटी डीपीएफ उतरवून धुवावा किंवा बदलावा लागतो. एसीईए या युरोपीय मानकातलं सी३ ऑइल घेतलं तर राखेची मर्यादा ०.८ टक्के असते, सी४ मध्ये ०.५ टक्के. ए३/बी४ प्रकारात ती १.६ टक्क्यांपर्यंत चालते. ते ऑइल वाईट नाही, डीपीएफ नसलेल्या जुन्या डिझेलला ते उत्तम असतं. पण तुमच्या गाडीत ते घालू नका.

सी२ आणि सी३ मध्येही फरक आहे. सी३ तापलेल्या, दाबाखालच्या अवस्थेत जास्त जाड थर धरतं. सी२, सी५, सी६ इंधन वाचवण्यासाठी पातळ ठेवलेली असतात. ज्या इंजिनाची बेअरिंगं आणि ऑइल पंप पातळ ऑइलसाठी बनवलेले नाहीत, त्यात सी५ घालून मायलेज वाढेल ही आशा महागात पडते. उलटंही खरं आहे. काही नव्या डिझेल इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. त्या बेल्टला न मानवणारं ऑइल गेलं तर रबर फुगतं, त्याचे कण सुटतात आणि तेच कण ऑइलच्या जाळीत जाऊन बसतात. अशा गाडीत कंपनीने सांगितलेला नेमका क्रमांकच हवा, तिथे पर्याय शोधू नये.

हा क्रमांक गाडीच्या पुस्तिकेत असतो. फोक्सवॅगन समूहाचा ५०७ ००, मर्सिडीजचे २२९.५१ आणि २२९.५२, बीएमडब्ल्यूचा लाँगलाइफ-०४, रेनोचा आरएन०७२०, जीएमचा डेक्सॉस २ ही नेहमी दिसणारी उदाहरणं. डब्याची मागची बाजू नीट वाचा. गाडीच्या कंपनीची मान्यता मिळाली आहे असं लिहिणं वेगळं आणि अमुक मानकाच्या गाड्यांसाठी योग्य असं लिहिणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात ऑइल बनवणाऱ्याचा दावा असतो, गाडीवाल्या कंपनीने तपासलेलं नसतं. वॉरंटीत असलेल्या गाडीला मी पहिल्याच प्रकारचं घालायला सांगेन. डब्यावर फक्त एपीआय या अमेरिकी मानकातलं एसएन किंवा एसपी असेल तर ती पेट्रोल इंजिनांची श्रेणी आहे. सीके-४ ही प्रामुख्याने ट्रक-बससारख्या अवजड डिझेल इंजिनांची. नुसतं तेवढं वाचून कारचं ऑइल ठरत नाही.

वेगळी मिळणारी ऑइल-वर्धक रसायनं घालू नका. मानकात बसवलेल्या ऑइलचा तोल त्यांनी बिघडतो आणि राख वाढते ती वेगळीच.

किती लागेल? १.३ लिटरच्या लहान डिझेलला साधारण ३ लिटर, दीड लिटरच्या इंजिनाला ४ ते साडेपाच, दोन-सव्वादोन लिटरच्या इंजिनाला ५ ते ७ लिटर. हा निव्वळ अंदाज झाला. एकाच आकाराच्या दोन इंजिनांत एक लिटरचा फरक सहज असतो, त्यामुळे पुस्तिकेतला फिल्टरसह असलेला आकडाच धरा आणि वर अर्धा-एक लिटर शिल्लक ठेवा.

बाकी सामान

फिल्टर, त्यासोबतच्या ओ-रिंगा आणि ड्रेन बोल्टचा नवा वॉशर, हे तिन्ही दर वेळी नवं. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर एकदा दाबला गेला की त्याची दबण्याची क्षमता संपते. जुनाच लावला तर तो गळतो, गळतो म्हणून आणखी आवळला जातो, आणि अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. चेंबरचे आटे जाण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे, आणि ते वॉशरसारख्या क्षुल्लक वस्तूपासून सुरू होतं.

फिल्टर नामवंत बनावटीचा घ्या. आत कागद किती आहे एवढ्याने भागत नाही. फिल्टर तुंबला तर बाजूने वाट देणारा आणि गाडी बंद असताना ऑइल खाली उतरू न देणारा असे दोन व्हॉल्व्ह फिल्टरमध्ये किंवा त्याच्या घरात (हाउसिंगमध्ये) असतात. दुसरा कुचकामी असला की सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते.

पाने म्हणाल तर ड्रेन बोल्टला बसणारा गोटी पाना. बहुतेकांना १३, १४, १७ किंवा १९ मिलिमीटरचा लागतो. रेनोच्या बऱ्याच इंजिनांना ८ मिलिमीटरची चौकोनी चावी. काहींना टॉर्क्स किंवा अॅलन. गोटी सहा कोनांचीच घ्या, बारा कोनांची घट्ट बोल्टचे कोपरे खाते. फिल्टरचं झाकण प्लॅस्टिकचं असेल तर त्याच्या डोक्यावर २४, २७, ३२ किंवा ३६ मिलिमीटरची गोटी बसते. खालचं संरक्षक कव्हर काढायला टॉर्क्स टी२५, टी३० किंवा १० चा पाना लागतो. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळू देणारा पाना), नायट्राइलचे हातमोजे, नरसाळं, फडकी, आणि इंजिनातल्या ऑइलपेक्षा किमान दोन लिटर जास्त मावेल असं पसरट भांडं. हे शेवटचं विसरू नका, डिझेल मिसळून वाढलेलं ऑइल नेहमीपेक्षा जास्त निघतं. वापरलेलं ऑइल कातडीला वारंवार लागणं घातक आहे, म्हणून मोजे घालूनच काम करा.

गाडी वर घेणं

इथे घाई चालत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही, अर्ध्या मिनिटासाठीही नाही. गाडीबरोबर येणारा जॅक चाक बदलण्यापुरताच असतो. दोन जॅक स्टँड घ्या किंवा चढाचे रॅम्प. जमीन कडक आणि सपाट हवी. डांबरावर उन्हात स्टँडचे पाय रुततात, तिथे खाली जाड फळी ठेवा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये. जॅक फक्त पुस्तिकेत दाखवलेल्या जागी लावायचा, चेंबरखाली कधीच नाही. गाडी स्टँडवर आली की आत जाण्याआधी बाजूने चांगली हलवून पाहा. डुलली तर स्टँड पुन्हा लावा. चावी न लावता बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर चावी खिशात न ठेवता दूर ठेवा.

आणखी एक लक्षात घ्या. पुढची बाजू वर उचलली की ऑइल चेंबरच्या मागच्या भागाकडे सरकतं. बोल्ट मागच्या बाजूला असेल तर ते सोयीचंच. बाजूला किंवा पुढे असेल तर अर्धा लिटर आतच राहील. तसं असेल तर धार कमी झाल्यावर गाडी सपाटीवर आणून थेंब संपू द्या.

ऑइल काढणं

इंजिन कोमट हवं. दहा मिनिटं गाडी चालवा आणि मग वीसेक मिनिटं थांबा. थंड ऑइल जाड असतं, ते नीट वाहत नाही आणि बरंच आतच राहतं. पूर्ण तापलेलं ऑइल हात भाजतं.

बॉनेट उघडून आधी ऑइल भरण्याचं झाकण सैल करा. फिल्टर वरच्या बाजूला झाकणाच्या घरात असेल तर तेही याच वेळी तीन-चार फेरे सैल करा. हवा आत गेली की घरातलं ऑइल चेंबरमध्ये उतरतं आणि नंतर फिल्टर काढताना इंजिनावर सांडत नाही.

मग खाली. बोल्ट डावीकडे फिरतो, पण खाली झोपून वर पाहताना दिशा हमखास उलटी वाटते. पहिला जोर देण्याआधी खात्री करा. सैल झाल्यावर शेवटचे आटे हाताने, बोल्ट वर दाबून धरत सोडा आणि झटक्यात बाजूला घ्या. धार सुरुवातीला लांब पडते, भांडं त्या अंदाजाने ठेवा. काही नव्या गाड्यांत प्लॅस्टिकचा ड्रेन प्लग असतो. तो थोडासाच फिरवून निघतो आणि दर वेळी नवाच लावायचा असतो.

पंधरा-वीस मिनिटं गळू द्या. तेवढ्यात बोल्ट पुसून आटे उजेडात पाहा. आट्यांमध्ये चंदेरी दोऱ्यासारखं काही गुंडाळलेलं दिसलं तर ते चेंबरचं अॅल्युमिनियम आहे, म्हणजे आधी कुणीतरी जास्त आवळलंय. असा बोल्ट पुन्हा लावताना टॉर्क येण्याआधीच फिरत राहिला तर तिथेच थांबा. टेफ्लॉनची टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका, तिचे तुकडे ऑइलच्या जाळीपर्यंत जातात. आट्यांत धातूचा इन्सर्ट बसवणं किंवा चेंबर बदलणं हेच खरे उपाय.

डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ऑइल ओढून घेण्याची पद्धतही आहे. नळी चेंबरच्या तळापर्यंत पोचत असेल तर ती चांगली चालते. पण सगळ्या इंजिनांत ती तळाला टेकत नाही, आणि काहींत डिपस्टिकच नसते. पंप वापरायचाच असेल तर निघालेलं ऑइल मोजा. पुस्तिकेतल्या आकड्याहून बरंच कमी निघालं असेल तर बाकीचं आत आहे.

निघालेलं ऑइल मोजणं खालून काढतानाही उपयोगी पडतं. साडेचार लिटर ऑइल मावणाऱ्या इंजिनातून सव्वापाच लिटर निघालं, आणि मागच्या वेळी बरोबर मोजून भरलं होतं, तर वरचं जवळपास सगळं डिझेल. ऑइल दुधाळ असेल तर कूलंट मिसळतंय. बोटांवर चोळून उन्हात धरल्यावर चमचम दिसली तर बेअरिंगचा धातू सुटतोय. डांबरासारखं घट्ट असेल तर एखाद्या इंजेक्टरखालची सील गळून जळका वायू आत येतोय का, ते पाहायला हवं.

आणखी एक स्वस्त तपासणी आहे. जुन्या ऑइलचा एक थेंब गाळण कागदावर टाका आणि काही तास आडवा राहू द्या. मधला डाग गडद आणि त्याभोवती राखाडी रंग हळूहळू फिका होत पसरलेला असेल तर ऑइल काजळी अजून पेलत होतं. मधे कडा रेखीव असलेला काळा ठिपका आणि भोवती काहीच पसरलेलं नाही, तर ते ऑइल आधीच बदलायला हवं होतं. सगळ्यात बाहेर फिकट पिवळसर कडं दिसलं तर ते बहुतेक डिझेल. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण दर बदलाचा कागद तारीख आणि किलोमीटर लिहून जपून ठेवला तर आपल्या वापराला किती अंतर झेपतं हे दोन-तीन बदलांत कळतं.

फिल्टर

फिरवून बसणारा डब्यासारखा फिल्टर असेल तर जुना काढल्यावर इंजिनाच्या तोंडाकडे आधी पाहा. जुनी रबरी रिंग तिथेच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगा एकमेकींवरून घसरतात आणि प्रेशर आल्यावर मिनिटभरात बहुतेक ऑइल जमिनीवर येतं. नव्या रिंगेला बोटाने ताजं ऑइल लावा. फिल्टर तोंड वर करून उभा बसत असेल तर तो ऑइलने भरून लावा, पण बाहेरच्या गोल छिद्रांतूनच भरायचं. मधल्या छिद्रातून घातलेलं न गाळता थेट बेअरिंगांकडे जातं. रिंग टेकल्यापासून हाताने पाऊण फेरा. पान्याने आवळू नका, नाही तर पुढच्या वेळी चेन पाना लावून डबा फाडावा लागेल.

झाकणाखालचा कागदी फिल्टर असेल तर दोन चुका टाळा. पहिली ओ-रिंगची. ती झाकणावर तिच्या ठरलेल्या खाचेतच बसली पाहिजे. घाईत ती एक खाच वर किंवा आट्यांवर बसते. झाकण तरीही आवळलं जातं आणि मग गळतं. जुनी रिंग काढण्याआधी ती कुठे होती याचा फोटो घ्या. दुसरी चूक फिल्टरच्या दिशेची. काही फिल्टरांच्या एका टोकाला छोटी दांडी असते, ती घराच्या तळाच्या छिद्रात बसून ते बंद करते. दांडी छिद्रात न बसता बाजूला टेकली तर ऑइल न गाळता परत चेंबरमध्ये जातं आणि प्रेशर कमी पडतं. झाकण बोटांनी सुरू होऊन सहज खाली गेलं पाहिजे. मध्येच जोर लागला तर उघडून पुन्हा पाहा. आवळण्याचा टॉर्क बहुतेक वेळा झाकणावरच लिहिलेला असतो, २५ न्यूटन-मीटर हा नेहमीचा आकडा.

भरणं आणि पहिला स्टार्ट

ड्रेन बोल्ट नवा वॉशर घालून आधी चार-पाच फेरे फक्त बोटांनी लावा. मग टॉर्क रेंच. बऱ्याच गाड्यांत हा आकडा २५ ते ३५ न्यूटन-मीटरमध्ये येतो, नेमका पुस्तिकेतून घ्या. लांब पाना हातात असला की याच्या दुप्पट जोर सहज लागतो आणि कळतही नाही, म्हणून अंदाजाने आवळू नका.

गाडी सपाटीवर आणा. ठरलेल्या प्रमाणाच्या नव्वद टक्के ऑइल सावकाश भरा, पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पाहा. झाकण लावा आणि स्टार्ट करा. ऑइल प्रेशरचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. दहा सेकंदांत विझला नाही तर बंद करून फिल्टर पाहा. तोपर्यंत अॅक्सिलरेटरला हात नाही, पाय नाही. टर्बोचा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो आणि लहान डिझेल टर्बो पूर्ण वेगात मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात जातात. फिल्टर भरेपर्यंत त्याच्याकडे ऑइल पोचलेलं नसतं. त्या काही सेकंदांत दिलेली रेस बेअरिंगला कायमची ओरखडते.

मिनिटभर आयडलवर ठेवून खाली वाकून बोल्ट आणि फिल्टर पाहा. बंद करा, दहा मिनिटं थांबा. फिल्टर भरल्यामुळे पातळी थोडी उतरलेली असेल. बहुतेक डिपस्टिकांवर किमान ते कमाल खुणेत साधारण एक लिटरचं अंतर असतं, त्या हिशेबाने थोडं थोडं घाला. डीपीएफच्या गाडीत पातळी कमाल खुणेला न टेकवता तिच्या जरा खाली, तीन चतुर्थांशावर ठेवा. पुढे येणाऱ्या डिझेलला तेवढी जागा राहते. चुकून जास्त झालं तर गाडी तशीच न चालवता जास्तीचं काढून टाका.

सर्व्हिस रिसेट विसरू नका. पेट्रोलच्या गाडीत तो बहुधा फक्त आठवण करून देणारा दिवा असतो. डीपीएफच्या अनेक गाड्यांत कंप्युटर दर साफसफाईचा हिशेब ठेवून ऑइल किती खराब झालं हे मोजत असतो. रिसेट केला नाही तर नवं ऑइलही त्याच्या लेखी जुनंच. मग इशारे येत राहतात आणि काही गाड्यांत इंजिनची ताकदही कमी केली जाते. काहींत हे डॅशबोर्डच्या मेनूतून होतं, काहींना स्कॅनर लागतो. काम सुरू करण्याआधी तुमच्या गाडीचं कसं आहे ते पाहून ठेवा.

किती दिवसांनी बदलायचं

पुस्तिकेत १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी आधी येईल ते, असं असेल तर तुमच्या वापराला मी ७,५०० ते ८,००० धरेन. काही कंपन्या ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंतचं अंतर देतात. ते लांब पल्ल्याच्या, सलग चालणाऱ्या गाड्यांना शोभतं. रोज चार-पाच किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या डिझेलमध्ये ऑइल पूर्ण तापतच नाही. काजळी, पाणी आणि डिझेल तिन्ही आत राहतात. काजळीच्या बारीक कणांनी सगळ्यात आधी झिजते ती टायमिंग चेन, आणि तिच्या एका कामाच्या खर्चात ऑइलचे कितीतरी बदल होतात.

निघालेलं ऑइल नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यांत भरून झाकण घट्ट लावा आणि वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला किंवा संकलन केंद्राला द्या. त्यात कूलंट, ब्रेक ऑइल किंवा थिनर मिसळू नका, मिसळलं की पुनर्वापराला ते कुणी घेत नाही. गटारात आणि मातीत तर मुळीच नाही. जुना फिल्टर रात्रभर पालथा ठेवून निथळवा, त्यातही बरंच ऑइल असतं.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर बोल्टखाली आणि फिल्टरखाली कोरडा फडका फिरवून पाहा. त्यानंतर दर दोन आठवड्यांनी, सकाळी, थंड इंजिनावर, त्याच सपाट जागी डिपस्टिक पाहून आकडा लिहून ठेवा. महिन्याभरातच पातळी पुन्हा चढू लागली तर ऑइल बदलत राहून प्रश्न सुटणार नाही. डीपीएफ इतक्या वेळा साफ का करावा लागतोय हे शोधा: प्रेशर सेन्सरची नळी फाटली आहे का, ईजीआर उघडा अडकलाय का, इंजेक्टर ठिबकतोय का, की डीपीएफ राखेने भरत आला आहे. स्कॅनरवर दोन साफसफायांमधलं अंतर दिसतं. ते दीडशे-दोनशे किलोमीटरच्या खाली आलं असेल तर शोध तिथूनच सुरू करा.